सीटमधले काका

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

हे घडलं माझ्या नणंदेच्या बाबतीत. वन्सं भुताखेतांच्या गोष्टींना खो खो हसणाऱ्यांतल्या. आणि घडलं तेही मध्यरात्री, स्मशानात वगैरे नाही. गुरुवारी दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात, त्यांच्या संशोधन संस्थेमागच्या चाचणीच्या रस्त्यावर.

वन्संचं काम मजेशीर होतं. ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाडीत माणूस कसा वागतो, ते बघायचं. घाबरतो? झोपतो? की पाय उगाच ब्रेक शोधतो?

पण तशी गाडी तयारच झाली नव्हती. मग त्यांच्या साहेबांनी युक्ती काढली. ड्रायव्हरच्या सीटचं पोकळ कव्हर शिवून घेतलं आणि आत जिवंत माणूस बसवला. तोंडासमोर जाळी. हातांसाठी खाली दोन फटी. मागे बसलेल्याला वाटावं, सीट रिकामी आहे आणि गाडी आपली आपण चालली आहे.

प्रवाशाच्या हातात सेलवर चालणारं एक सुटं लाल बटण द्यायचे. भीती वाटेल तेवढा वेळ दाबून ठेवायचं. त्याची नोंद व्हायची. फेरी संपली की प्रवाशाला खरं काय ते सांगायचं, मग हशा पिकायचा.

सीटच्या आत बसायचे ते काका. बसवरचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांना दोन नियम होते. बोलायचं नाही. हलायचं नाही.

एक सवय मात्र सुटली नव्हती. निघताना अंगठीने स्टिअरिंगवर दोनदा ठोकायचे. टक टक. थांबताना एकदा. टक. कंडक्टरच्या घंटीसारखं.

"जित्याची खोड, ताई," ते वन्संना म्हणायचे. "मेल्याशिवाय जायची नाही."

बुधवारी काका कव्हरमधून बाहेर आले ते घामाने निथळत. ओठ पांढरे पडलेले.

"ताई, पाहुण्यांना बटण आहे. मलाही एक द्या की. आत जीव गुदमरला, तर तुम्हाला कळायचं कसं?"

"उद्या नक्की देते, काका."

वन्संनी साहेबांना सांगितलं. साहेब हसले.

"सीटला कसलं आलंय बटण? चाळीसातल्या अडतीस फेऱ्या झाल्या. दोनसाठी कशाला खटाटोप?"

वन्सं गप्प बसल्या. हे गप्प बसणं त्यांना अजून झोपू देत नाही.

गुरुवारी प्रवासी आलाच नाही.

"तुम्हीच बसा," साहेब म्हणाले. "काका कधीचे आत बसलेत."

"बरे आहेत ना ते?"

"ठणठणीत!"

वन्सं मागे बसल्या. दार लागलं. त्या सीटकडे झुकून हळूच म्हणाल्या, "काका, बटणाचं राहूनच गेलं. चुकलं माझं."

उत्तर नाही.

नियमच होता तसा.

मग... टक टक.

गाडी निघाली. वन्संना हायसं वाटलं. वळणं अगदी अलगद. गतिरोधकावर गाडी अशी हळू झाली, जणू आत म्हातारी माणसं उभी आहेत. काकांचाच हात, यात शंका नाही.

रस्त्याच्या दुसऱ्या चकरेत त्यांचं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं.

ते फिरत होतं.

फटींतून बोटं मात्र बाहेर आलेली नव्हती...

त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. एकही बोट नाही.

आणि तेव्हाच आवाज आला. श्वासाचा. लांब... अडकत... मध्येच तुटणारा.

"काका? काका, बरं वाटत नाहीये का?"

श्वास थांबला.

"काका, गाडी थांबवा!"

टक.

गाडी भर रस्त्यात उभी राहिली.

वन्संनी झडप घालून कव्हरची चेन ओढली.

आत कुणी नव्हतं.

आतला स्पंज घामाने ओलाचिंब होता. त्यांचा हात भिजला.

तेवढ्यात साहेब टाळ्या वाजवत धावत आले. "वा! एकदाही घाबरला नाहीत! नवी यंत्रणा परवाच बसवली. आज गाडी खरोखर एकटी चालली. सगळी मेख माहीत असलेला माणूस तरी विश्वास ठेवतो का, तेच पाहायचं होतं."

"आणि काका?"

साहेबांनी नजर चुकवली.

"काल घरी गेल्यावर छातीत कळ आली त्यांच्या. गेले. सकाळीच फोन आला होता. तुम्हाला सांगितलं असतं, तर आजची फेरी झाली असती का?"

नऊ वर्षं वन्संनी ज्यांना गुरू मानलं, त्यांनी केसाने गळा कापला होता. पण त्याहून जास्त कापत गेलं ते दुसरंच. साहेबांनी वन्संना फसवलं. काकांना कुणी फसवलं होतं?

"फक्त गाडी मध्येच का थांबली, ते कळत नाही," साहेब पुटपुटले. "आणि तुमचं बटण बिघडलंय बहुतेक."

त्यांनी नोंद दाखवली. बटण पहिल्या सेकंदापासून दाबलेलं होतं. अकरा मिनिटं. एकदाही न सोडता.

वन्संनी बटण सोबत घेतलंच नव्हतं. ते त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. खणाला कुलूप होतं.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. येताना तेवढं बटण घेऊन आल्या आणि काकांच्या घरी गेल्या. काकूंच्या हातात ते द्यायचं होतं, सगळं खरं सांगायचं होतं. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. धीरच झाला नाही.

ते बटण आता आमच्याच कपाटात आहे. त्यातले सेल मी स्वतः काढून टाकलेत.

परवा आवराआवर करताना ते हाती लागलं.

लाल बटण आत दबलेलंच होतं... वर येत नव्हतं.

मी नखाने उचकटायला गेले, आणि हात मागे घेतला.

बटण ओलं होतं.