उंबरठ्याखालचा प्रवाह

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या तळावर तळप्रमुख नलिनी तांडेल यांनी भागवत कोकाटेला मृत घोषित करणारा कागद सहीसाठी पुढे ओढला. भूवैज्ञानिक कोकाटे नऊ तासांपूर्वी गाडीसकट खोल विवरात कोसळला होता. मेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस विवरात उतरवायचा नाही, हा तळाचा नियम, आणि तांडेल नियमाच्या पक्क्या.

"मॅडम, भागवतच्या काखेतली जीवखूण अजून टकटकतेय," रुक्साना मुजावर म्हणाली. पोशाखाच्या आत बसणारं ते इवलंसं संदेशयंत्र तिनंच घडवलं होतं.

"बॅटरी उतरलीय, रुक्साना. ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या गेटवर, तो चालू व्हायला लागणाऱ्या उंबरठा-व्होल्टेजच्या निम्मंसुद्धा पोचत नाही. तुझे ट्रान्झिस्टर बंद असणार. हा नुसता गोंगाट आहे."

"बंद म्हणायची आपली पद्धत आहे, मॅडम. उंबरठा ओलांडला की गेटखाली इलेक्ट्रॉनांची वाट तयार होते आणि प्रवाह मोकळा धावतो, हे खरंच. पण त्याखाली तो शून्य होत नाही. थोडे इलेक्ट्रॉन उष्णतेच्या जोरावर अडसर चढून जातातच. माझं यंत्र त्या गळतीवरच चालतं. गळती साठत जाते, पुरेशी झाली की एक टकटक."

भलेभले ही गळती थांबवण्यात हयात घालवतात, आणि या मिरजेच्या बाईनं तिलाच कामाला जुंपलं होतं! तांडेलना कौतुक लपवता आलं नाही. पेन मात्र त्यांनी खाली ठेवलं नाही.

"यंत्र चालू आहे, मानलं. माणसाचं काय?"

रुक्सानानं टकटकींच्या वेळा पडद्यावर आणल्या.

"आधी दर अकरा मिनिटांनी एक येत होती. व्होल्टेज हळूहळू उतरतंय, म्हणजे अंतर वाढायला हवं. पण ते कमी होतंय. आता दहा मिनिटं."

"मग?"

"व्होल्टेज घटूनही गळती वाढते ती फक्त उबेनं. पोशाखातला हीटर बॅटरीबरोबरच गेलाय. गाडीही गार पडलीय, आणि विवराच्या तळाशी ऊन पोचत नाही. मी गणित करून पाहिलं. काखेत आधी सदतीस अंश होतं, आता जवळजवळ एकोणचाळीस आहे."

"म्हणजे..."

"भागवतला ताप चढतोय, मॅडम. मेलेल्या माणसाला ताप येत नाही."

तांडेलनी कागद टराटरा फाडला आणि बचावपथकाला विवरात उतरायचा हुकूम सोडला. आयुष्यात कुणाच्या तापानं त्यांना इतका आनंद झाला नव्हता.