पाचव्याची हजेरी

दिवा थोडा जवळ घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

त्या दुपारी मी भाचीची नोकरी वाचवायला निघालो होतो. ती अंतराळ संस्थेत काम करते. सूर्यमालेच्या पार टोकाला, गोठलेल्या अंधारात त्यांनी सात यानं सोडली होती. जेमतेम चपलांच्या खोक्याएवढी. तिथे हुकूम पोहोचायलाच तास लागतात, म्हणून प्रत्येकाला शिकवलेलं, की काही नवं दिसलं तर कुणाला न विचारता स्वतःच्या अकलेने त्याच्या मागे जायचं. रोज इथून हाक जायची आणि ‘हजर आहे’ म्हणून प्रत्येकाची एकेक टिकटिक परत यायची.

पाचवं फुटलं. सहाव्याने त्याच्या तुकड्यांचे फोटो पाठवले. भाचीने मला सांगितलं, मी माझ्या वर्तमानपत्रात छापलं. संस्थेचे संचालक मात्र सगळीकडे सांगत सुटले, की पाचवं रोज हजेरी देतंय, ही पोरगीच खोटारडी आहे. तिला काढायचं ठरलंसुद्धा!

असली माणसं मी हयातभर सोलत आलोय.

“द्या हाक. माझ्यासमोर,” संस्थेच्या नियंत्रण कक्षात शिरताच मी म्हणालो.

“उत्तराला रात्र होईल, पत्रकारसाहेब. मुक्काम करणार?” संचालक हसले.

“उशी घेऊनच आलोय.”

भाचीने बटण दाबलं. खोलीत तापलेल्या तारांचा वास होता. संचालक खुर्चीत रेलतात न रेलतात तोच...

टिक्.

“पाचवं,” भाची पडद्याकडे बघत पुटपुटली.

मी टाळी वाजवली. “वा! तासांचा रस्ता, आणि उत्तर हाकेसरशी? रेकॉर्डिंग तरी नीट लावायचं!”

संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “कालपर्यंत... रात्रीच यायचं हो...”

“नाटकं पुरेत. ती बाहेरची अँटेना जमिनीकडे वळव गं. मग बघू कुठून येतंय ते.”

“मामा, नको ना...”

“वळव!”

खिडकीबाहेर ती अवाढव्य थाळी करकरत खाली झुकली. तोंड थेट गवताकडे. आता आकाशातलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

टिक्.

आधीपेक्षा मोठ्याने. मग पुन्हा एकदा. हाक न देताच.

संचालक ताडकन उठले. “पाचवं फुटलंय. मी स्वतः जाहीर करतो. तुझी नोकरी कुठे जात नाही, बाई... फक्त ते बंद कर.”

मी जिंकलो होतो. पण संचालकांना एक टोमणासुद्धा मारावासा वाटला नाही.

बाहेर ऊन भाजत होतं. अँटेनाखालच्या गवतावर मात्र पांढरं हिव जमलेलं, ताटाएवढं. हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणारा मी नव्हे. वाकून बोट टेकवलं. बोट बधिर झालं.

फाटकाशी येऊन मी वळून पाहिलं. अँटेनाखालचं गवत हिरवंगार होतं. पांढरा डाग माझ्या वाटेवर, निम्म्या अंतरावर होता... मी पाहताच थबकल्यासारखा.