खरखर थांबली की…

बाबांचा आवाज मी स्टीलच्या पेल्यात ठेवत असे.

बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी देवीचा पाठ स्वतःच्या आवाजात बोटभर प्लेअरमध्ये भरून ठेवला होता. चाळीस मिनिटांचा पाठ, शेवटी आरती. सास्तूरहून उमरग्याला, दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर, मी बाबांच्याच जुन्या गाडीनं कामाला जायची. वाटेत त्यांच्याबरोबर पाठ म्हणायची. रोजचा नेम होता. गाडीच्या टेपला प्लेअर जोडायची सोय नव्हती, म्हणून तो पेल्यात. पेल्यात आवाज घुमतो, थोडा मोठा होतो.

एका सकाळी उमरग्यात शिरताना गतिरोधकावर पेला उडाला आणि ब्रेकखाली जाऊन बसला. कशीबशी गाडी कडेला घेतली. समोर सीट कव्हर, हॉर्न, टेप विकणारं छोटं दुकान होतं. तिथून एक तरुण धावत आला, वाकला, पेला बाहेर काढला. आत आरती चालूच होती.

"लागलं का कुठं?"

मी बोट वर केलं. आरती चालू असताना मी बोलत नाही.

तो थांबला. चांगली तीन मिनिटं, पेला दोन्ही हातांनी माझ्या कानाजवळ धरून.

"आता बोलू?" आरती संपल्यावर त्यानं विचारलं.

"हो. नाही लागलं."

"एवढंच सांगायला तीन मिनिटं लावली व्हय, मॅडम?"

मला हसू आलं. बाबा गेल्यापासून मी असं अवचित हसले नव्हते.

त्याचं नाव प्रसेनजित. टेपभोवतीची पट्टी काढून त्यानं आत बॅटरी मारली. "कंपनीचा टेप हाय. मागं जोडायला जागाच न्हाय. वायर कापून काही तरी करता येईल…"

"कापू नका. बाबांची गाडी आहे."

"मग नवा टेप बसवा. फोन जोडता येतो त्याला."

"फोन मध्येच वाजतो. पाठ तुटतो."

"तुटला तर?"

"तुटायचा नसतो."

त्यानं मान हलवली. हसला नाही. दुकानातून एक डबी आणली, काडेपेटीएवढी. "हे एक बारकं रेडिओ स्टेशन समजा. लायटरच्या जागी बसतं. प्लेअरची वायर ह्यात घालायची, टेपवर रेडिओ लावायचा. फक्त रिकामी जागा शोधावी लागते." तो बटण फिरवू लागला. "इथं सोलापूर… इथं कानडी बातम्या… हां, इथं कुणीच न्हाय." नुसती खरखर. त्यानं डबी चालू केली आणि खरखर एकदम थांबली. गाडीत शांत झालं, घासून ठेवलेल्या देव्हाऱ्यासारखं.

मग चारही दारांतून बाबा बोलू लागले.

माझे डोळे भरले. तो पाठ फिरवून, आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिला.

त्यानंतर डबीची वायर बरेचदा सैल व्हायची. कधी खरोखर, कधी… असो.

शेजारी चहाचा गाडा लावणाऱ्या रुद्रम्मा एकदा मला म्हणाल्या, "बाई, ह्याचं डोस्कं तपासा तुमच्या दवाखान्यात. सकाळपासनं रेडिओवर खरखर ऐकत बसतोय. गाणी लाव म्हटलं तर न्हाय म्हणतोय."

प्रसेनजितचे कान लाल झाले. त्या गेल्यावर हळूच म्हणाला, "तुमच्या डबीचा आवाका वीस पावलांचा हाय. माझा रेडिओ मी त्याच जागेवर लावून ठेवतो. नऊच्या सुमाराला खरखर थांबते, दहा सेकंद तुमच्या बाबांची आरती येते, आणि तुम्ही गेलेल्या असता."

"रोज ऐकता?"

"रविवारी लई अवघड जातं."

मी पदराशी चाळा करत राहिले. दुसऱ्या दिवसापासून गतिरोधकावर गाडी गरजेपेक्षा जरा हळू घेऊ लागले. दहाचे पंधरा सेकंद झाले असतील.

सहा महिने असे गेले. मग एका शनिवारी वायर घट्ट करता करता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "हैदराबादचा मित्र गॅरेजात बोलावतोय. सोमवारी दुपारची गाडी हाय. तुम्ही हो म्हणालात तर जाणार न्हाय. आईला घेऊन सास्तूरला येईन, तुमच्या आईसमोर बसेन."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"आमच्या घरी बुद्धवंदना असते, तुमच्याकडं देवी. तुमच्या गावात काय बोलतील, मला ठाऊक हाय. तुमचा नेम मी कधी मोडायला लावणार न्हाय. पण तुम्हाला हे पटत नसलं, तर तेही चालेल… परत विचारणार न्हाय."

"मला… लगेच बोलता येत नाही," एवढंच मी म्हणाले.

"म्हणून तर सांगतो. बोलू नका. सोमवारी जाताना आरती वाजली, तर मी समजेन. आणि खरखर थांबून काहीच वाजलं न्हाय, नुसतं शांत राहिलं…" त्यानं वायर सोडली. "तर तो तुमचा होकार."

रविवारी उपास नव्हता, तरी मला जेवण गेलं नाही. आई दोनदा म्हणाली, "कुठं ध्यान हाय तुझं?" देवीपुढे बसले आणि माझं ठरलं. पाठ दुकानाच्या अलीकडेच संपायचा. आरती सुरू व्हायच्या आत प्लेअरचं बटण दाबायचं, की झालं.

सोमवारी केसांत गजरा माळून निघाले. ओढ्याच्या पुलाचं काम वर्षभर चालू होतं, कच्च्या वळणानं जाण्यात रोज पंधरा-वीस मिनिटं मोडायची. त्या सकाळी तिथं पोचले, तर नवा पूल खुला झालेला. काळाभोर, गुळगुळीत. वाटलं, देवीनंच वाट मोकळी केली. मी भरधाव निघाले.

उमरगा दिसू लागला तेव्हा ध्यानात आलं. बाबा अजून पाठाच्या मध्यावरच होते.

अंगठा बटणावर गेला. बाबांचा आवाज वर चढला होता, मध्ये श्वास घेताना ते खोकले होते तीच जागा. माझ्या हातून कधीच न तुटलेला पाठ. कडेला थांबून राहावं, तर मागे ट्रक हॉर्न देत होता. गतिरोधक आला. तो पायरीवर उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीशी रेडिओ. त्याच्या रेडिओतून बाबांचा पाठ खणखणीत येत होता.

माझा अंगठा तसाच राहिला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. किंचित हसून मान हलवली, त्या पहिल्या दिवसासारखी. मग रेडिओ बंद केला.

संध्याकाळी शटर खाली होतं. रुद्रम्मा कप विसळत होत्या. "दुपारीच गेला बाई. म्हणला, मॅडमना सांगा, राग न्हाय. देवाचंच वाजत होतं, म्हणजे मला कळलं."

त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी त्या रात्री लावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाठ तुटला असता, पूल उघडला, ट्रक मागे होता, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर आईला आणि गावाला तोंड द्यायचं टळलं, म्हणून माझा जीव थोडा हलकाही झाला होता. देवीनं मला अडवलं नव्हतं. तिच्या आड मीच लपले होते.

चार महिन्यांनी लावला.

"बोला, मॅडम." मागे गाड्यांचे हॉर्न.

"त्या सोमवारी… नवा पूल चालू झाला होता. मी लवकर पोचले. पाठ संपायचा होता अजून. संपला की मी बंदच करणार होते…"

हॉर्न दूर गेले. तो कुठेतरी आडोशाला गेला असावा.

"पूल," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही मला तुमचा देव दाखवला."

"नाही हो…"

"माझं ठरलंय. पुढच्या महिन्यात." जरा थांबून, "चांगली हाय ती. लई बोलते."

"बरं झालं," मी म्हणाले. मग दोघंही गप्प. फोनात खरखर नव्हती, काहीच वाजत नव्हतं. नुसतं शांत. त्यानंही ते ओळखलं असणार, कारण बराच वेळ त्यानं फोन ठेवला नाही.

आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. नवा पूल असल्यामुळे मी तिथं रोज पाठाच्या मध्यावरच पोचते. गतिरोधकावर गाडी हळू करते आणि बटण दाबते. बाबा थांबतात. दहा सेकंद काहीच वाजत नाही. मग पुन्हा दाबते, आणि ज्या शब्दावर थांबले होते, त्याच शब्दापासून बाबा पुढे म्हणू लागतात.