काळी तीन

शेलूच्या नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, सकाळी काळी दोन पट्टीत लावून गवसणी घातलेला तंबोरा रोज दुपारनंतर काळी तीनमध्ये सापडत असे. सलग अकरा दिवस.

तंबोरा योगेंद्रचा. खालापूरच्या शाळेत मी त्याला भौतिकशास्त्र शिकवले होते, म्हणून त्याने मला बोलावले. दमट हवेने तारा उतरतात. चारही सारख्या प्रमाणात चढत नाहीत, एवढे मी सांगू शकलो. रविवारी त्याची पहिली स्वतंत्र मैफल होती. काळी तीन ही त्याच्या पत्नीची, अक्षदाची, पट्टी होती.

तीन वर्षांपूर्वी दोघे कर्जतला एकत्र गायले. वाहवा झाली ती तिची. परतताना तो अवाक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने गाणे सोडले.

"मी जेवून पडलो की हीच खुंट्या पिळते, सर," योगेंद्र म्हणाला. "मैफल बुडवायची हाय हिला. असंच चाललं तर जा म्हणावं कुंभिवलीला, आईकडं."

"यांच्या तंबोऱ्याला मी हात लावत नाय," अक्षदा शांतपणे म्हणाली. "जाईन की कुंभिवलीला. पण रविवारपर्यंत यांना ताक नको कोण म्हणेल? घसा धरतो."

शुक्रवारी तिला मी खालापूरला माझ्या घरी, पत्नीजवळ नेऊन बसवले. शेलूला परतून, योगेंद्रच्या संमतीने, त्याच्या खोलीत मोबाइलवर चित्रीकरण सुरू केले, दाराला बाहेरून कुलूप लावले आणि जिन्यात बसून राहिलो.

चित्रफितीत दोन वाजून बावीस मिनिटांनी तो उठलेला दिसतो. डोळे मिटलेले. तो गवसणी काढतो. चौदा मिनिटे खुंट्या फिरवतो. इतक्या हळुवार हाताने काही करताना त्याला मी कधी पाहिले नव्हते.

मग तळव्याने तारा थांबवतो.

"अक्षदा, लाव गं सा."

तो वाट पाहतो.

खोलीत बाईचा षड्ज उमटतो. १८५ हर्ट्झ, म्हणजे काळी तीन. नऊ सेकंद.

त्याचे ओठ मिटलेले आहेत.

संध्याकाळी माझ्या पत्नीने आपणहून सांगितले: वाल सोलता सोलता अक्षदा थांबली, एकच स्वर लावला आणि पुन्हा सोलू लागली. अडीचची एसटी जाऊन पाच-सहा मिनिटे झाली होती.

चित्रफीत योगेंद्रने दोनदा पाहिली. मग तो अक्षदाला म्हणाला, "रविवारी माझ्या शेजारी बस. पट्टी हीच राहू दे."

"तुमचा आवाज पोचायचा नाय तिथं."

"नाय पोचला तर ऐकत बसेन."

कारण सापडले, ते नोंदवतो. पट्टी बदलणारा हात योगेंद्रचाच होता. झोपेत त्याला ती गायला हवी असे, आणि ती गात असे.