काचेवरची वाफ

"अहो, नको... थांबा, आत्ताच इस्त्री केलीय त्याला!"

मी अशी ओरडले तेव्हा पोहण्याच्या तलावाकाठची पंचवीसेक माणसं वळून बघू लागली. कुणालाच काही कळलं नाही, कारण मी मराठीत ओरडले होते. घाबरले की मला परकी भाषा सुचतच नाही. आणि प्रसंगही तसाच होता — माझी सात वर्षांची भिंगरी झालरीचा निळा फ्रॉक, पांढरे मोजे आणि चकाकते नवे बूट घालून पाण्याच्या अगदी कडेला उभी होती, आणि पोहायला शिकवणाऱ्या बाई तिला हातानं खुणावत होत्या — मार उडी!

"इस्त्रीचं कौतुक पाण्याला नसतं हो," मागून कुणीतरी म्हणालं. चक्क मराठीत!

मी गर्रकन वळले. एक उंच, किंचित वाकलेला माणूस उभा होता. खांद्याला पिशवी, गळ्यात मफलर आणि डोळ्यांवरच्या चष्म्याच्या दोन्ही काचा वाफेनं पांढऱ्याफटक. त्यामुळे तो माझ्या शेजारच्या खांबाकडे बघून अतिशय अदबीनं हसत होता.

"मी इकडे आहे," मी म्हणाले.

"हो का? माफ करा. बाहेर कडाक्याची थंडी, आत ही ऊब... या घडीला मला तुमचा फक्त आवाज दिसतोय."

मी न राहवून हसले, आणि गळ्यातल्या सुती ओढणीचं टोक त्याच्या हातात दिलं. का दिलं, देव जाणे. त्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मग माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं... असं आपलं मला वाटलं.

"चिठ्ठीत लिहिलं होतं, पूर्ण पोशाखात आणि बुटांत या," मी रडवेली होऊन म्हणाले. "मला वाटलं, वर्गाचा फोटो काढणार आहेत."

"शेवटच्या पातळीच्या वर्गात मुलांना कपड्याबुटांसकट पोहायला शिकवतात इथे. माणूस पाण्यात पडतो तेव्हा काही पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही ना! पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी माझ्या मुलाला पहिल्या दिवशी टाय बांधून आणलं होतं."

"खरंच?"

"नाही. पण तुम्हाला जरा बरं वाटलं ना?"

त्याच्या पिशवीतून मुलाचा एक जुना शर्ट, एक विटकी विजार आणि रबरी बुटांची जोडी निघाली. भिंगरीनं दोन मिनिटांत फ्रॉक माझ्या अंगावर भिरकावला, ते जुने कपडे-बूट चढवले आणि धप्पकन उडी मारली. मी झालरीचा फ्रॉक मांडीवर घेऊन बाकावर बसले, आणि तो माझ्या शेजारी. मध्ये त्याची पिशवी होती.

अशी आमची ओळख झाली.

परक्या देशात लेकरू वाढवणं म्हणजे रोज सकाळी एक नवं कोडं. शाळेची चिठ्ठी आली की मी आधी फोनवरून तिचं भाषांतर करते, मग भाषांतराचा अर्थ लावते, आणि मग भिंगरी येऊन सांगते की आई, त्यात तसं काहीच लिहिलेलं नाही. कुठल्या दिवशी डब्यात फळच न्यायचं, कुठल्या दिवशी जुनं खेळणं, वाढदिवसाचं आमंत्रण आलं तर आईनं थांबायचं की दारातून परत फिरायचं — सगळं मी फजिती करून घेऊनच शिकले. भिंगरीचे बाबा आणि मी वेगळे झालो त्याला तीन वर्षं झाली. इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी रक्ताचे नमुने तपासते. नमुने काही विचारत नाहीत, काही सुनावत नाहीत. त्यांच्याशी माझं बरं जमतं. माणसांच्या बाबतीत मात्र मी ठरवून टाकलं होतं की आता कुणाची वाट बघायची नाही. वाट बघण्यात फार वर्षं गेली होती माझी.

आणि तरी पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी ओढणी धुऊन वाळत घातली.

तो चष्मेवाला होता. म्हणजे खरोखरच — बाजारातल्या रस्त्यावर त्याचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं. मुलगा आठ वर्षांचा. तो मोठ्या माणसांची वाक्यंसुद्धा मधेच थांबवून दुरुस्त करायचा, म्हणून घरात त्याचं नाव पंत पडलं होतं. पंतची आई पाच वर्षांपूर्वी आजारपणात गेली. हे त्यानं तिसऱ्या शनिवारी सांगितलं, संत्रं सोलता सोलता. सांगून झाल्यावर निम्मं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. मी आमच्या मधली पिशवी उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

दर शनिवारी पंचेचाळीस मिनिटं. क्लोरीनचा वास, संत्र्याचा वास, आणि कोपऱ्यातलं ते कॉफीचं यंत्र — त्याचं तिसरं बटण दाबलं की कॉफी यायची आणि पहिलं दाबलं की नुसतं गरम पाणी. हा शोध त्याचा. फरशी मळू नये म्हणून बुटांवर घालायच्या निळ्या पिशव्या न फाटता कशा चढवायच्या, हा माझा.

तो आत आला की चष्म्यावर वाफ धरायची. मी ओढणीचं टोक पुढे करायचे. तो पुसायचा, लावायचा, पुन्हा वाफ धरायची.

"छे! काही खरं नाही. सांगा बघू, आमचे पंत कुठे आहेत?"

"तिसऱ्या पट्ट्यात. बाईंना काहीतरी समजावून सांगतायत."

"बुडत तर नाही ना?"

"तो कसला बुडतो! बोलायला तोंड पाण्याबाहेर ठेवावंच लागतं त्याला."

"आणि भिंगरी?"

"तुमची विजार तिच्या गुडघ्यात अडकलीय."

"माझी नाही हो, पंतची. लोक काय म्हणतील!"

"लोकांना मराठी कळत नाही."

"म्हणून तर इतकं बोलतोय," तो म्हणाला, आणि वाफेच्या आडून हसला.

मायदेशी आईला फोनवर मी हे सगळं सांगायचे. सगळं म्हणजे पोहण्याचं. आईचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलेला. "पोरीला कपड्यांसकट पाण्यात ढकलतात? बाई बाई, सर्दी होईल तिला!" मग थोडं थांबून, "आणि तू काय करत असतेस तेवढा वेळ?"

"बसते गं बाकावर."

"एकटीच?"

"...बरेच पालक असतात."

"हं," आई म्हणाली. आईचं ते 'हं' मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी घाईघाईनं फोन भिंगरीकडे दिला.

असे चौदा शनिवार गेले, आणि मग ती चिठ्ठी आली. या वेळी मी अर्थ अगदी बरोबर लावला. पुढच्या शनिवारी परीक्षा. कपड्यांसकट उडी, पाण्याखालच्या पडद्यातल्या भोकातून पोहत पलीकडे जाणं, एक मिनिट तरंगणं, आणि शिडी न धरता वर येणं. उत्तीर्ण झालेल्या मुलांचा वर्ग संपला. त्यांनी यापुढे येण्याची गरज नाही.

यापुढे येण्याची गरज नाही! मी ते वाक्य तीनदा वाचलं. भिंगरी घरभर नाचत होती आणि मी चिठ्ठीची घडी घालून पुन्हा उघडत होते. एकदा तर असंही मनात आलं की पोरगी नापास झाली तर बरं. लगेच जीभ चावली. कसली आई मी!

परीक्षेच्या दिवशी हवा उबदार होती. हिवाळा कधी सरला ते कळलंच नव्हतं. तो आत आला, आणि मी सवयीनं ओढणीला हात घातला... पण त्याच्या काचा स्वच्छ होत्या. बाहेर थंडी नाही, तर वाफ कुठून धरणार? तो माझ्याकडे बघत राहिला. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"आज सगळं दिसतंय," तो म्हणाला.

"हो ना... बरं झालं."

चौदा शनिवार आम्ही चिवचिव करत होतो आणि आता दोघंही नुसते पाण्याकडे बघत बसलो. भिंगरी पडद्यातून पलीकडे गेली. तिचं डोकं वर येईपर्यंत मी श्वास रोखून धरला होता, आणि डोकं वर आल्यावर कळलं की मी त्याची बाही घट्ट पकडलीय. मी पटकन हात काढून घेतला. पंत उत्तीर्ण झाला. भिंगरीही. दोघं निथळत धावत आली. टाळ्या, बिल्ले, फोटो... या वेळी खरोखरच फोटो!

"चला," दाराशी तो म्हणाला. "तर मग..."

"हो. तर मग..."

"भिंगरीला कपडे राहू देत. आठवण."

"बरं. येते मी."

पुढचा सगळा आठवडा मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. त्याचा नंबर होता माझ्याकडे. पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांचेच होते. मी लिहायचे, 'कसे आहात?' आणि पुसायचे. 'पंत काय म्हणतो?' पुसायचे. एक संत्रं आणलं, सोललं, आणि निम्मं बशीत तसंच राहिलं. कुणाची वाट बघायची नाही म्हणणारी मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. त्याचंही काही आलं नाही.

शनिवारी सकाळी भिंगरी म्हणाली, "आई, आज बाकावर नाही जायचं?"

"परीक्षा झाली ना तुझी."

"पण तुझी कुठे झाली? तू तर नुसती बसायचीस."

मी तिच्याकडे बघितलं. मग उठले, ओढणी घेतली आणि म्हणाले, "चल. मला डोळे तपासून घ्यायचेत."

दुकानात तो एकटाच होता. म्हणजे पंत होता, कोपऱ्यातल्या स्टुलावर, अक्षरांचा तक्ता खालून वर वाचत. मला बघून चष्मेवाल्याच्या हातातली फ्रेम काउंटरवर पडली.

"हल्ली जवळचं जरा पुसट दिसतं," मी आल्या आल्या सांगून टाकलं. फार तालीम केली होती त्याची.

"असं का? या ना... बसा."

त्यानं मला उंच खुर्चीवर बसवलं. ते जड यंत्र माझ्या नाकावर टेकवलं. त्याचा चेहरा वितीभर अंतरावर होता, आणि तो अगदी कामाच्या आवाजात विचारत होता —

"ही बरी, की ही?"

"पहिली."

"आता? ही, की ही?"

"दोन्ही सारख्याच."

"आणि आता?"

आता मला काचेतून फक्त त्याचे डोळे दिसत होते. "आता छान दिसतंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यानं हळूच यंत्र बाजूला केलं. "तुमचे डोळे ठणठणीत आहेत. आता लावली होती ती साधी काच होती, नंबर नसलेली."

"माहीत आहे मला."

"मग आलात कशाला?"

मी खुर्चीवरून उतरले. कुठेतरी बघायचं म्हणून काउंटरवर बघितलं, आणि तिथे एका ओळीत आठदहा चिमुकल्या बाटल्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर चष्म्याचं चित्र होतं, आणि चित्रातल्या वाफेवर मोठ्ठी लाल फुली. ही चिठ्ठी वाचायला मला भाषांतराची गरज पडली नाही.

मी एक बाटली उचलली. "हे काय असतं हो?"

चष्मेवाला कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "ते... काचेवर वाफ धरू नये म्हणून. एक थेंब पुरतो."

"कधीपासून ठेवता?"

"दुकान उघडल्यापासून."

"म्हणजे?"

"सहा वर्षं," कोपऱ्यातून पंत म्हणाला. "मला पोहायच्या चष्म्याला लावून देतात. स्वतःला लावत नाहीत. मी सांगितलं होतं त्यांना."

"पंत," चष्मेवाला क्षीण आवाजात म्हणाला, "भिंगरीला दारातली झाडं दाखव बरं."

दोघं बाहेर पळाली.

"लावली असती, तर तुम्ही ओढणी दिली नसती," तो म्हणाला. "परीक्षेच्या दिवशी बोलायचं ठरवून आलो होतो. पण काचा स्वच्छ होत्या. तुम्ही इतक्या नीट दिसत होता... धीरच झाला नाही. आठवडाभर मेसेज लिहितोय आणि पुसतोय. मला तुम्ही फार आवडता. बाकाशिवायही."

माझे डोळे भरून आले आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच.

"मीही एक सांगू?" मी म्हणाले. "थंड काच उबेत आली की वाफ धरते, आणि काच गरम झाली की ती आपोआप जाते. पाच मिनिटांत. पुसायची काही गरज नसते. मी प्रयोगशाळेत काम करते... पहिल्याच दिवशी माहीत होतं मला."

"पाच मिनिटांत?"

"फार तर सहा."

"आणि तुम्ही पाऊण पाऊण तास मला तलाव वर्णन करून सांगत होता?"

"तू विचारत होतास ना!"

बोलून गेले आणि लक्षात आलं की मी त्याला 'तू' म्हणाले. त्याच्याही लक्षात आलं. तो हसला — आता मध्ये वाफ नव्हती, त्यामुळे मला ते हसू पुरतं दिसलं. काचेच्या दारापलीकडे पंत भिंगरीला एखाद्या झाडाची माहिती देत होता, आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही न बघता नाक काचेला चिकटवून आमच्याकडे बघत होती.

"पुढच्या शनिवारी काय करतेस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. मला पोहता येत नाही... तुला?"

"मलाही नाही. मोठ्यांचा वर्ग असतो तिथे, सकाळी दहाला."

"कपड्यांसकट?"

"तो शेवटी. तिथपर्यंत पोचायला वर्ष तरी लागेल आपल्याला."

"लागू दे की," मी म्हणाले.

त्यानं चष्मा काढला. काचा लख्ख होत्या, धुळीचा कणही नव्हता. तरी त्यानं तो माझ्यापुढे धरला, आणि मी ओढणीचं टोक घेऊन अगदी सावकाश पुसायला लागले.