पोस्ट अजून माझ्याकडंच हाय

हे खरं घडलंय. घरच्यांनी कुणाला सांगू नकोस म्हटलंय, तरी सांगतोय.

गेल्या वर्षीचा सव्वीस जुलै. बेंगळुरू, इंदिरानगर. भर दुपारचे अडीच.

माझे काका, निवृत्त कॅप्टन नरसिंहराव, कारगिल दिनाचा सत्कार घेऊन नुकतेच आले होते. अनुसूयाकाकू त्यांना वाढत होती.

लँडलाइन वाजली. काकूनं उचलली.

आधी नुसता वारा... मग बुटांखाली बर्फ चुरडावा तसा आवाज...

"बाईसाहेब, मल्लाप्पा बोलतोय. साहेबांना सांगा, पोस्ट अजून माझ्याकडंच हाय. बदली माणूस कधी पाठवताय?"

काकूनं नाव सांगितलं. काकांच्या हातातला घास गळून पडला.

त्यांनी उठून फोनची वायरच उपटली.

फोन पुन्हा वाजला...

लग्नाला तीस वर्षं झाल्यावर, त्या दुपारी काकूला काकांच्या तोंडून खरं कळलं.

कारगिलच्या लढाईत दोन देश एका कड्यासाठी भिडले होते. वर छोटी चौकी, म्हणजेच ती पोस्ट, तिथं हे दोघंच. तोफगोळे पडू लागले तसे काका पळाले. खानापूरकडचा मल्लाप्पा एकटा लढत राहिला. त्याचं प्रेतही सापडलं नाही.

काकांनी रिपोर्टात लिहिलं, मल्लाप्पा पळाला.

गावानं त्याच्या आईला वाळीत टाकलं. ती तशीच झुरून गेली.

"खरं काय ते लिहून द्या," काकू म्हणाली. "आत्ता."

त्यांनी लिहिलं. सहीही केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, कागद टराटरा फाडला.

तुटक्या वायरीच्या फोनमधून आवाज आला...

"सरी, साहेब. ठीक हाय."

काकूच्या तोंडातून वाफ निघू लागली...

काका किंचाळले. उजव्या हाताची पाचही बोटं तिच्या डोळ्यांदेखत काळीठिक्कर पडली.

डॉक्टर चक्रावले. "बर्फात कुठे गेला होतात?"

बोटं कापावी लागली.

काकूनं फाडलेल्या कागदाचे तुकडे चिकटवले आणि तो घेऊन ती मल्लाप्पाच्या बहिणीकडे, अंबूबाईकडे गेली.

अंबूबाईनं कागदाकडे पाहिलंही नाही.

"ठाऊक हाय, अक्का. दादा येऊन सांगून गेला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हा हात आईसाठी घेतला. माझ्यासाठीचा अजून घ्यायचाय."

काल मी काकांना चहा दिला. त्यांनी डाव्या हातानं कप धरला.

करंगळीचं नख निळं होतं...

काकूला मी अजून सांगितलेलं नाही.