अकरा नावांचा कार्बन

डिचोलीच्या बाजारातल्या दोन टायपिंगवाल्यांनी रुद्रेशला परत पाठवलं होतं. तिसऱ्या दारात सुलोचना बसली होती. तिने कागद चाळले. शिरगावच्या अकरा माणसांच्या साक्षी... खाणीमुळे आटलेल्या विहिरी, तक्रार केली म्हणून खाल्लेला मार. आणि तिचा भाऊ ओंकार त्याच खाणीवर ट्रक चालवत होता!

"वाचूं नाकात. नुसतें टायप करात," रुद्रेश म्हणाला.

"वाचिनासतना टायप कशें करूं?"

तो असा काही हसला की तिला नाही म्हणायचं सुचलंच नाही. मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला.

"हें वाचतलो कोण?" तिने एकदा विचारलं.

"युरोपाक आपलें कोर्ट आसा, आफ्रिकेक आयोग आसा. आशियाक कांयच ना... म्हणून देशादेशांतले लोकच हक्कांची सनद बरयतात. तांकां साक्षींची गरज आसा."

"म्हणजे, जल्माक येवंक नाशिल्ल्या कोर्टाखातीर हांव बोटां मोडून घेतां?"

"मोडूं नाकात. सोबीत आसात तीं."

तिचे कान तापले. पण रस्त्यापलीकडे खाणीच्या कंत्राटदाराची जीप उभी राहू लागली होती, आणि दुकानाचे मालक गुरुदास जीपमधल्या माणसांना चहा पाजत होते. शेवटच्या पानावर तिने 'संकलन : रुद्रेश गावस' असं टाइप केलं, 'टंकलेखन'पुढे मात्र नुसती रेघ ओढली. तो कागद घेऊन गेला.

घरी पानं वाढताना तिला एकदम आठवलं. साक्षीदारांच्या नावांच्या पानाला तिने कोरा करकरीत कार्बन लावला होता. एकदाच वापरलेला कार्बन उजेडात धरला की अक्षर न् अक्षर वाचता येतं. आणि तो दुकानातल्या टेबलाच्या खणातच राहिला होता!

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोहोचली. खण रिकामा. आता अकरा माणसं... आणि रुद्रेश! गुरुदास नुसते खोकले तरी ती दचकायची. संध्याकाळी जीप आली. रुद्रेश आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लईराई माते, तो धड असू दे, एवढंच ती घोकत राहिली. आपला त्याच्यावर जीव जडलाय हे तिला कळलं ते असं, त्याच भीतीत.

तिसऱ्या दिवशी तो दारात उभा! पांढऱ्या शर्टाच्या खिशावर, धुऊनही न गेलेला निळा डाग.

"कार्बन!" ती ओरडलीच.

"तूं खिडक्यो लायताली तेन्ना काडलो. घरा वचून चुलींत लासलो. जीप पाठीं आशिल्ली, म्हणून येवंक मेळ्ळें ना."

"तीन दीस मारलें म्हाका तुवें!"

"भियेली?"

"तुजेखातीर."

त्याने पिशवी तिच्या टेबलावर ठेवली. कागद त्याच्या पिशवीतच होते. दुपारच्या बसने पणजीला पोचवायचे होते. तिने शेवटचं पान काढून मशीनमध्ये चढवलं. बाहेर जीप येऊन थांबली. दोघांनीही पाहिली.

"नाका गो... ओंकाराची नोकरी—"

"भियेतां हांव. आतांय भियेतां. पूण एकटें भियेवंक म्हाका जायना."

रेघेवर तिने टाइप केलं : सुलोचना. आणि थांबली.

"आडनांव?" त्याने हळूच विचारलं.

"तें तूं घाल."

बाहेर जीपचं दार वाजलं. रुद्रेश तिच्या खांद्यावरून वाकला, आणि एका बोटाने, चाचपडत, त्याने 'गावस' टाइप केलं.